देवापुढची पाकिटं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बोंबील होते.

एप्रिलमधला पहिला रविवार. वरळी कोळीवाड्याची मंजुळा दर रविवारी आमच्या लालबागच्या चाळीखाली पाटी घेऊन बसायची. बाबा तिच्याशी भाव कधीच करत नसत, फक्त वाद घालत.

"हे कालचे दिसतात."

"कालचे असते तर आज तोंड दाखवलं असतं का तुम्हाला, महादेवभाऊ?"

मग दोघंही समाधानानं आपापल्या कामाला. त्या दिवशीही तेच झालं. मी गॅलरीतून ऐकत होते. पिशवी घेऊन बाबा जिना चढायला लागले आणि दुसऱ्या मजल्यावर थांबले. कठड्यावर हात टेकून उभे राहिले, मागून कुणी येणार असावं तसे.

"दमलात?" मी वरून विचारलं.

"लिफ्टमनला जिन्याची सवय कुठून राहणार गो? मी दिवसभर बसल्याबसल्या वर जातो."

मी हसले. गिरणी बंद पडल्यावर बाबा गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत लिफ्ट चालवत होते. जाळीचं दार, पितळी मूठ, कोपऱ्यात एक स्टूल. सगळा जन्म गिरणीत साच्यांपुढे, म्हणजे मागांपुढे, उभं राहून काढलेला माणूस. बसून काम करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे याची त्यांना सुरुवातीला लाज वाटे. महिनाभर ते लिफ्टमध्ये उभेच राहिले होते. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या एका म्हातारीनं दटावलं, "बसा हो, तुमच्याकडे बघून मला उभं राहिल्यासारखं होतं," तेव्हा बसले.

आई विळीवर बोंबील साफ करायला बसली. मी शेजारी पालकसभेचं पत्रक तयार करत होते. आमच्या शाळेत जूनपासून आठवी-नववीला आठवड्यातून एक नवा तास ठेवायचा मुख्याध्यापिकाबाईंचा विचार होता. बँक, व्याज, विमा, घरखर्च. आमच्या वर्गातली निम्मी मुलं गिरणीतून स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन बाहेर पडलेल्या घरांतली होती. ते पैसे कुठं गेले हे घरात कुणी सांगत नव्हतं, आणि मुलं विचारत नव्हती. तास मी घ्यावा असं बाईंनी ठरवलं होतं. पालकांनी होकार दिला तर.

"शाळेत पैसा शिकवणार?" बाबांनी विचारलं.

"पैसा नाही बाबा, पैशाचा व्यवहार."

"तेच ते. पहिला धडा काय?"

"घरात येतं किती आणि जातं किती."

बाबांनी बनियनच्या बाहीनं कपाळ पुसलं. "म्हणजे पोरगं घरी येऊन बापाला विचारणार, पगार किती."

"मी नाही विचारायला लावणार कुणाला."

"तू नाही गो बाय. धडा विचारील." मग म्हणाले, "आणि बाप खोटं बोलला तर? गणित बरोबर सुटेल. मार्क देशील?"

आईची विळी क्षणभर थांबली. माझ्या लक्षात आलं. बाबांच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. मी पुन्हा हसले आणि पत्रकात डोकं घातलं.

आमच्या घरात आकडा बोलत नसत. ही रीत आजोबांची, विठोबांची. ते गावाहून आले तेव्हा गाववाल्यांच्या खोलीत राहिले. एका खोलीत एवढी माणसं, की पाळ्या बदलल्या तरच झोपायला जागा मिळे. कायम कामगार आणि मिळेल त्या दिवशीच काम करणारा बदलीवाला एकाच सतरंजीवर. पगाराच्या दिवशी सगळ्यांची पाकिटं एकाच देवापुढे ठेवायची, दिवा लावायचा, आणि दिवा जळतो आहे तोवर कुणी कुणाचा आकडा विचारायचा नाही. सकाळी आंघोळ करून ज्यानं त्यानं आपलं उचलायचं. शेजारी झोपणाऱ्याला कमीपणा वाटू नये म्हणून काढलेली ती युक्ती होती. आजोबांनी बिऱ्हाड केलं तेव्हा ती रीत बरोबर आणली. तिचं कारण मागं खोलीत राहिलं. आमच्याकडे मग दिवा विझल्यावरही कुणी आकडा बोलेनासं झालं. घरातल्या कर्त्यानं पाकिटं उचलायची, आणि त्या पैशात घर चालायचं.

त्या संध्याकाळी बाबांनी दिवा लावला. आपलं पाकीट ठेवलं, शेजारी माझं ठेवलं. दोन्हींच्या कडा बोटानं सारख्या केल्या.

"उद्या पहिली पाळी आहे. आंघोळ करून पळायला लागेल," ते म्हणाले. "संध्याकाळी येऊन उचलीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टची घंटा दाबली. लिफ्ट वर आली नाही म्हणून त्या जिन्यानं खाली आल्या. लिफ्ट तळमजल्यावरच होती, दार उघडं होतं. बाबा स्टुलावर होते, डोकं जाळीला टेकलेलं. त्या बाईंना वाटलं डुलकी लागली असेल. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "महादेव, वर जायचंय."

सुतकात देवाला हात लावत नाहीत. पाकिटं तशीच राहिली.

*

तेराव्याची पंगत उठली. गाववाले गेले, शेजारचे ताटं विसळून गेले. खोलीत आम्ही पाच जण उरलो. आई. जया, माझा धाकटा भाऊ. नायगावहून आलेली शेवंताआत्या, बाबांची थोरली बहीण. दत्तूकाका, बाबांचे धाकटे भाऊ, तेही गिरणीतलेच. आणि मी.

आत्यानं देव पुसले, दिवा लावला. पाकिटांवर धूळ बसली होती. ती तिनं फुंकली नाही, पदरानं टिपली.

"दत्तू, ही आता कोणी उचलायची?"

"जयवंतानं," काका म्हणाले. "दुसरं कोण?"

आईनं मला नंतर, बऱ्याच महिन्यांनी सांगितलं की त्या वेळी तिला पाकिटांकडे बघवत नव्हतं. बाबांच्या फोटोकडे बघता येत होतं, पाकिटांकडे नाही. तिला संपाचं वर्ष आठवत होतं. गिरण्या बंद होत्या. बाबा सभांना जात, परत येत, बसत. आईनं तेव्हा परळच्या रेल्वे वर्कशॉपातल्या काही माणसांचं जेवण घरी सुरू केलं. महिना भरला, पैसे आले. तिनं ते आनंदानं पाकिटात घालून देवापुढे ठेवले. त्या संध्याकाळी बाबांनी दिवा लावला नाही. गॅलरीत गेले आणि खोलीकडे पाठ करून उभे राहिले. सकाळी पाकीट कुणी उचललं नाही. रॉकेल संपलं तेव्हा आईनंच ते उचललं. पुढं गिरणी सुरू होऊन त्यांना परत घेतलं तोवर रोजचा दिवा तिनं लावला, आणि लावताना प्रत्येक वेळी तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

म्हणून, दोन वर्षांपूर्वी मी शाळेत कायम झाले आणि माझा पहिला पुरता पगार पाकिटात घालून आणला, तेव्हा आईनं ते पाकीट हातात तोललं. तीन वर्षं मी शिक्षणसेवक होते, मानधनावर. ते पाकीट बाबांच्या पाकिटापेक्षा जरा बारीकच असे. हे तसं नव्हतं. आईनं आतल्या नोटा काढून माझ्या पर्समध्ये कोंबल्या.

"एवढं नको ठेवू," ती कुजबुजली. "त्यांचं खाली दिसायला नको."

मला ते पटलं. एवढंच नाही, मला आवडलं. मी बापाचा मान राखते आहे असं मला वाटलं. त्या दिवसापासून माझ्या पाकिटात पगाराचा तिसरा हिस्साही नसे. उरलेलं बँकेत पडून राहायचं. त्याचं काय करायचं हेही मला माहीत नव्हतं, आणि विचारणार कुणाला? बाबांनी एकदाच, चहा पिता पिता, आडून विचारलं होतं, "कायम झालीस म्हणजे फरक पडला असेल काही?" मी म्हटलं, "फारसा नाही." ते म्हणाले, "असू दे. कायम झालीस, हे काय थोडं?"

*

"त्या आधी एक बोलायचं आहे," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "पुढच्या शनिवारी तुझ्या शाळेत ती सभा आहे ना?"

"आहे."

"तुझ्या बाबांना तो तास पसंत नव्हता. रविवारी रात्री माझ्याकडे आला होता, बोलला मला. त्याचं तेरावं आज झालं नि तू तिथं उभी राहून तेच शिकवणार? बरं दिसत नाही गो."

"बरं दिसायला काय ते केळवण आहे?" आत्या म्हणाली. "शिकवू दे की. मला कोणी शिकवलं असतं तर नवऱ्याच्या मागं पेन्शनसाठी सहा सहा महिने हेलपाटे घातले नसते. कागदावर सही कुठं करायची तेवढं सांगायचे. कशावर करते ते नाही."

"आक्का, तू गप रव."

"का गप? शिक्षण म्हणजे काय, कविता पाठ? ती मी पण केली. चौथीपर्यंत. अजून येते. म्हणून दाखवू?"

जयाला हसू आलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा. काकांना नाही आलं.

"घरातलं घरात शिकतात," ते म्हणाले. "आम्ही शिकलो ना?"

"काय शिकलास?" आत्यानं विचारलं.

 आत्यानं जे विचारायला नको होतं ते विचारलं हे तिलाही कळलं, पण वाक्य परत घेता येत नव्हतं. काकांनी गिरणीचे मिळालेले पैसे गावच्याच एका माणसाच्या स्कीममध्ये घातले होते. जास्त व्याज, घरबसल्या. ऑफिसला एक दिवस कुलूप लागलं. काकांनी ते कुणालाही सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते त्यांनी मूग गिळून चुलत्याच्या दुकानात पुड्या बांधायला सुरुवात केली तेव्हा. त्यांची नात आमच्याच शाळेत, जूनमध्ये आठवीला जाणारी. आता मला वाटतं, काका त्या तासाला भीत होते ते एवढ्याचसाठी. मी फळ्यावर लिहीन: जास्त व्याजाचं आमिष. नात वहीत उतरवून घेईल. घरी येईल, जेवायला बसेल, आणि आजोबांकडे बघेल. विचारणार नाही काही. नुसती बघेल.

"शिकलो नाय," काका म्हणाले. आवाज बदलला होता. "मान्य. मी नाय शिकलो. पण हे शिकलेत त्यांनी काय दिवे लावले? तुमच्या शिकलेल्या मास्तरणीच्या घरात माझ्या भावाक एक स्प्रिंग बसवूक मिळाली नाय!"

"कसली स्प्रिंग?" आईनं विचारलं.

काकांनी तोंडावर हात फिरवला. ते उठले, गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

"मला बोलायचं नव्हतं, वयनी. त्यानं शपथ घातली होती."

"कसली स्प्रिंग, भावजी?"

"छातीतली. होळीच्या आधी त्याला जिन्यात दुखलं. मला घेऊन डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, नळी घालून बघायला लागेल, रक्ताची वाट अडली असेल तर स्प्रिंग बसवायला लागेल. खर्चाचा आकडा कागदावर लिहून दिला. तो बाहेर येऊन बाकड्यावर बसला. कागदाची घडी केली, परत केली, लहान होईपर्यंत करत राहिला. तो माका म्हणालो, दत्तू, चेडवाच्या पगारात ह्या बसाचा नाय. तिका कळला तर ती कर्ज काढीत. गणपती होवंदेत, मगे बघूया. कोणाक सांगा नको."

दिव्याची ज्योत सरळ होती. खोलीत वारा नव्हता. मला आठवतं, मी तिच्याकडे बघत राहिले आणि मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: बाबांनी माझा पगार धरून हिशेब केला होता. गणित बरोबर सुटलं होतं. त्यात चूक नव्हती.

आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"मला का नाही सांगितलं काका?" जयानं विचारलं.

"तुला सांगून तू काय करणार होतास? तुझाच कोर्स चाललाय."

आत्या पदर तोंडाशी घेऊन रडत होती, आवाज न करता. "मेल्या, मला सांगायचंस," ती मध्येच म्हणाली. "माझ्या बांगड्या काय जाळायच्या होत्या?"

"तो नको म्हणाला आक्का. बहिणीचं घ्यायचं नाही, पोरीला कळवायचं नाही. त्याला लाज वाटत होती."

"आजाराची?"

"आकड्याची," काका म्हणाले.

*

जया उठला. तो उंच आहे, बाबांसारखा. देव्हाऱ्याच्या फळीशी त्याला वाकावं लागत नाही. त्यानं दोन्ही पाकिटं उचलली.

पुढं जे तो बोलला ते त्याच्या मनात दहाव्यापासून होतं. दहाव्याला त्या इमारतीचे सेक्रेटरी भेटायला आले होते. चांगले गृहस्थ. जाताना जयाला जिन्यात थांबवून म्हणाले, स्टूल रिकामं आहे, घरातलंच कुणी असेल तर आम्हाला बरं. त्या रात्री जया गॅलरीत झोपला. दिवसा तो परळच्या एका वर्कशॉपात उमेदवारी करत होता, संध्याकाळी दादरला फ्रीज आणि एसी दुरुस्तीचा कोर्स. एक वर्ष झालं होतं, एक राहिलं होतं. कॉम्प्रेसर उघडला की तो घरी येऊन जेवताना आम्हाला त्याचं चित्र ताटातल्या आमटीत बोटानं काढून दाखवायचा. बाबा म्हणायचे, "आता ते गार करून जेव."

त्यानं पाकिटं उघडली. बाबांचं आधी, मग माझं. ओठ न हलवता मोजलं. मोठ्यानं काही बोलला नाही. आमच्या घरचाच तो.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी सोमवारपासून गिरगावला जातो."

"कशाला?" मी विचारलं.

"लिफ्टवर. सेक्रेटरी बोललेत माझ्याशी."

"बरोबर बोलला पोरगा," काका म्हणाले. आवाजात सुटका होती. "बापाची जागा पोरानं घ्यायची. गिरणीत हीच रीत होती. बाप उतरला की पोरगा साच्यावर. मी पण आमच्या बाबांच्याच जागी लागलो होतो."

"आणि कोर्स?"

"कोर्स नंतर होईल, ताई."

"नंतर होत नाही, जया. मी मुलं बघते शाळेत."

"मग काय करू?" तो माझ्याकडे वळला. रागावला नव्हता, तेच सहन होत नव्हतं. "हे बघ. तुझं पाकीट हे एवढं. बाबांचं आता येणार नाही. भाडं, आईची औषधं, गणपतीला गाव. तूच सांग, तू शिकवणार आहेस ना, येतं किती जातं किती? मला शाळेत व्हर्नियर कॅलिपर शिकवला. हे नाही शिकवलं. पण एवढं मलाही येतं."

"कोर्स पुरा कर म्हणते ना मी."

"कशाच्या जोरावर? ताई, तू उगाच मोठेपणा करू नको. तुझी ओढाताण मला दिसत नाही का? दोन वर्षं तू त्याच चपला शिवून घालतेस."

चपला मी शिवून घालत होते ते खरं होतं. नव्या घेतल्या असत्या तर बाबांनी त्यांच्याकडे बघितलं असतं.

"वयनी, तुम्ही बोला," काका म्हणाले.

आईनं डोळे मिटले होते. ती म्हणाली, "जाऊ दे त्याला."

मी तिच्याकडे बघितलं. आता बघावंच लागलं. तिनं डोळे उघडले, आणि त्यात जे होतं ते मला लगेच समजलं. ती जयाला लिफ्टवर पाठवत नव्हती. ती झाकत होती. मी बोलले तर काकांना कळणार, आत्याला कळणार, जयाला जन्मभर कळत राहणार की त्या कागदावरचा आकडा या घरात होता. लांब नव्हता, या खोलीत, माझ्या पर्समधल्या बँकेच्या पुस्तकात. जो माणूस पैसे नाहीत म्हणून थांबला, त्याच्या घरात पैसे होते, आणि ते त्याच्यापासून लपवायला त्याच्याच बायकोनं सांगितलं होतं, त्याला कमी वाटू नये म्हणून. एवढं कळण्यापेक्षा मुलाचं एक वर्ष गेलेलं तिला स्वस्त वाटत होतं. मी तिला दोष देत नाही. मलाही क्षणभर तसंच वाटलं. क्षणभराहून जास्त.

"कमळ," आई हळूच म्हणाली. "चहा टाक सगळ्यांना."

मी उठले. खरंच उठले. स्टोव्हपाशी गेले, आधण ठेवलं. मागून काका जयाला सांगत होते, मूठ कशी हळू फिरवायची, लिफ्ट मजल्याला बरोबर कशी लावायची. बाबांनी त्यांना एकदा नेऊन दाखवलं होतं. "बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही. म्हाताऱ्या माणसांची पावलं अडखळतात," ते म्हणत होते. "महादेव एवढं बरोबर लावायचा, की दार उघडलं की लिफ्ट आहे का खोली आहे कळायचं नाही."

"शिकेन मी," जया म्हणाला.

"शिकशील. बसूनच तर आहे काम."

आधणाला बुडबुडे यायला लागले. मी स्टोव्ह बंद केला.

"जया, तू लिफ्टवर जायचं नाहीस."

"ताई, झालंय आता बोलणं."

"नाही झालं. ते पाकीट खाली ठेव."

"का?"

"तो माझा पगार नाही."

 आत्यानं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग आईकडे. आत्याला तिथंच सगळं कळलं असावं. तिचा हात तोंडाशी गेला.

"तो तुझा पगार नाही म्हणजे?" जयानं पाकिटाकडे बघितलं. त्यावर माझ्या अक्षरात माझं नाव होतं. "मग हा कुणाचा?"

"सुभद्रे," आत्या म्हणाली. तिनं आईला कधी नावानं हाक मारली नव्हती. "काय केलंत गो तुम्ही?"

 आई सरकून भिंतीला टेकली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला एकदम आठवलं, मी लहान असताना ती गॅलरीच्या दारात उभी राहून बाबांच्या पाठीकडे अशीच बघायची.

"वन्सं," ती शेवटी म्हणाली. "मी सांगितलं तिला. कमी ठेव म्हटलं."

"किती कमी?" काकांनी विचारलं. मग त्यांच्याच लक्षात आलं आपण काय विचारलं, आणि ते देव्हाऱ्याकडे बघून थांबले. "राहू दे. दिवा जळतोय."

"जळू दे," मी म्हटलं.

माझा आवाज वर्गात असतो तसा आला, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मला त्याची लाज वाटली, पण दुसरा आवाज माझ्याकडे नव्हता. मी जयाकडे बघून बोलायला सुरुवात केली. बाबांचा फोटो त्याच्या खांद्यामागं होता.

"मी कायम झाले तेव्हा बाबांनी मला विचारलं होतं, फरक पडला का. मी फारसा नाही म्हटलं होतं. जया, माझा पगार अकरा हजार चारशे आहे."

 खाली मंजुळाची जागा आता रिकामी होती, कुणीतरी तिथं पाणी ओतत होतं. त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"महिन्याला?" जयानं विचारलं.

"महिन्याला," मी म्हटलं. "बाबा, महिन्याला."